‘नव्याने अर्ज करा’ असे सांगितले तर

गणपतीला गावी आलेला मुलगा परतीच्या गाडीआधी आईचे पासबुक बँकेत नेऊन एंट्री मारून आणतो, आणि तेव्हा कुठे घरात कळते की पेन्शन मार्चनंतर जमाच झालेली नाही. भाद्रपद सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत असा मजकूर हटकून असतो. या वेळी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न एकत्र घेतले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत. उत्तरे देणाऱ्याने महसूल खात्यातील नोकरीची बरीच वर्षे ‘संगायो’च्या, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेच्या, आणि पुरवठ्याच्या टेबलावर काढली आहेत. टेबलाच्या त्या बाजूला काय चालते हे त्याला ठाऊक असल्यामुळे त्यातले सांगण्यासारखे जे आहे ते आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

प्रश्न (गुहागर तालुका) : माझी आई ७४ वर्षांची असून तिला श्रावणबाळ योजनेतून दरमहा १५०० रुपये मिळत होते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती चार महिने माझ्याकडे डोंबिवलीला होती, त्या काळात हयातीचा दाखला द्यायचा राहिला आणि एप्रिलपासून पेन्शन बंद झाली. आता दाखला दिला आहे. कार्यालयात एक जण सांगतो की नव्याने अर्ज करा, दुसरा सांगतो की पुढच्या महिन्यापासून सुरू होईल, मागचे विसरा. आम्ही काय करावे?

उत्तर : नव्याने अर्ज करू नये. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत धोक्याची गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. नवा अर्ज केला की वय, १५ वर्षांचा रहिवास आणि २१ हजार रुपयांच्या आतील वार्षिक उत्पन्न यांचे सारे दाखले पुन्हा गोळा करावे लागतात, प्रकरण पुन्हा तालुक्याच्या समितीपुढे जाते, आणि मंजुरी मिळालीच तर ती नव्या तारखेची मिळते. जुनी फाइल तेवढ्यात दप्तरात बांधली जाते आणि मधल्या महिन्यांचा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही, कारण कागदावर आपली आई ‘नवीन लाभार्थी’ झालेली असते आणि नवीन लाभार्थ्याला मागचे काही येणे नसते. नव्याने अर्ज करा असे सांगणारा कारकून दुष्ट असतो असे नाही. थांबलेले प्रकरण पुन्हा सुरू करायला टिपणी लिहावी लागते, तीवर वरिष्ठांचा आदेश घ्यावा लागतो आणि कोणीतरी सही करावी लागते; नवा अर्ज मात्र गठ्ठ्यात जातो आणि जबाबदारी समितीवर जाते. बंद करणे यादीतल्या एका खुणेने होते, सुरू करायला मात्र आदेश लागतो, हे त्या टेबलावर बसल्याशिवाय लक्षात येत नाही.

आपल्या आईची पात्रता संपलेली नाही, पात्रतेचा पुरावा तेवढा वेळेत पोहोचलेला नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उत्पन्न वाढले, कुटुंबात कोणी नोकरीला लागले, लाभार्थी मयत झाली, तर पात्रता संपते आणि पैसे थांबणे योग्य ठरते. हयातीच्या दाखल्याचे तसे नाही. जी बाई आज ऑक्टोबरात कार्यालयाच्या पायरीवर उभी आहे ती गेल्या जुलैतही हयातच होती, हे सिद्ध करायला वेगळा कागद लागू नये. अर्ज या मुद्द्यावर उभा करावा. मजकूर साधारण असा ठेवावा :

‘माझे अनुदान एप्रिल महिन्यापासून केवळ हयातीचा दाखला सादर न झाल्याच्या कारणाने थांबविण्यात आले आहे. माझ्या पात्रतेत कोणताही बदल झालेला नाही. दाखला दिनांक अमुक रोजी सादर केला आहे. तरी माझे मूळ प्रकरण कायम ठेवून अनुदान पूर्ववत सुरू करण्याचा, तसेच एप्रिलपासूनच्या थकीत महिन्यांची रक्कम अदा करण्याचा आदेश व्हावा. यांपैकी काहीही नाकारावयाचे असल्यास त्याची कारणे मला लेखी कळवावीत.’

यातील ‘मूळ प्रकरण कायम ठेवून’ आणि शेवटचे वाक्य गाळू नये. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला त्या निर्णयाची कारणे देणे हे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४, पोटकलम १ (घ) नुसार कार्यालयाचे कर्तव्य आहे. ‘मागचे विसरा’ हे वाक्य तोंडाने म्हणणे सोपे असते. तेच सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक जण पुन्हा एकदा फाइल उघडून पाहतात. मागील रक्कम आपोआप मिळेल असे मात्र मी सांगणार नाही. ती तहसीलदारांच्या आदेशावर आणि त्या वेळी उपलब्ध असलेल्या अनुदानावर अवलंबून राहते, आणि म्हणूनच तिची मागणी पहिल्याच अर्जात, महिन्यांच्या नावांसह, झालेली असली पाहिजे. पेन्शन सुरू झाली की आनंदाने घरी जायचे आणि सहा महिन्यांनी मागच्या पैशांची चौकशी करायची, असे करणाऱ्यांचे पैसे बुडालेले मी पाहिले आहेत.

अर्ज आवक टपालात द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. महिनाभरात उत्तर न आल्यास महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी भरणाऱ्या तालुका लोकशाही दिनात प्रकरण न्यावे, तेथेही न सुटल्यास पहिल्या सोमवारच्या जिल्हा लोकशाही दिनात. तिथे आयत्या वेळी जाऊन उभे राहून चालत नाही, अर्ज आधी द्यावा लागतो. आणि डोंबिवलीहून दर वेळी रजा काढून येणे परवडणारे नसेल, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टपालाने पाठवावा व त्यात अनुदान थांबविण्याच्या आदेशाची प्रत आणि आपल्या अर्जावर झालेल्या टिपणीची प्रत मागावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

प्रश्न (दापोली तालुका) : मी मासळी विकते. रेशन दुकानात माझा अंगठा लागत नाही. घरात मी आणि माझी आजारी सासू, दोघीच. तीन महिने दुकानदार ‘थंब येत नाही, धान्य मिळणार नाही’ म्हणून परत पाठवतो. धान्य तर गेलेच, आता नाव कमी होईल असेही सांगतात.

उत्तर : हर्णैच्या बंदरावर बर्फातून मासळी काढून लिलावात मांडणाऱ्या बायकांचे हात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. बर्फ, मीठ, खवले आणि कोयती यांनी बोटांवरच्या रेषा पुसून जातात. काजूच्या कारखान्यात चिकाने आणि चिरेखाणीत जांभ्याच्या धुळीनेही तेच होते. एका दुकानात एक वयस्क बाई अंगठ्याला खोबरेल लावून, पदराला पुसून, पुन्हा तोंडाची वाफ देऊन यंत्रावर ठेवत होत्या आणि यंत्र दर वेळी लाल दिवा दाखवत होते. रांगेतले सगळे त्यांना ओळखत होते, फक्त यंत्र ओळखत नव्हते.

अंगठा न लागणे हे धान्य नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्राने सर्व राज्यांना कळविले आहे की केवळ आधार नसल्यामुळे खऱ्या लाभार्थ्याचे नाव यादीतून कमी करू नये, आणि नेटवर्क नसणे, बोटांचे ठसे अस्पष्ट असणे किंवा अन्य तांत्रिक कारणाने ओळख पटली नाही म्हणून कोणालाही धान्यापासून वंचित ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालातही, ओळख पटण्यात अपयश आले म्हणून पात्र व्यक्तीला लाभ नाकारला जाणार नाही, हे सरकारचे म्हणणे नोंदलेले आहे. तेव्हा दुकानदाराकडे डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून ओळख पटवण्याची मागणी करावी. तेही जमत नसेल तर अपवादाची नोंद करून धान्य द्यावे, असा अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्यावा. आपल्या घरी दुसरे हिंडते-फिरते माणूस नाही, ही गोष्ट अर्जात स्पष्ट लिहावी.

आता गेलेल्या तीन महिन्यांविषयी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ चे कलम ८ फार थोड्यांना माहीत असते. हक्काचे धान्य मिळाले नाही तर राज्य सरकारने त्या बदल्यात अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असे ते सांगते. २०१५ च्या नियमांत त्याचा हिशेबही दिला आहे : त्या हंगामातील किमान आधारभूत किमतीची सव्वापट, वजा धान्याची ठरलेली विक्री किंमत, गुणिले न मिळालेले वजन. गव्हाचेच उदाहरण घ्या. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामात गव्हाची आधारभूत किंमत क्विंटलला २४२५ रुपये होती. तिची सव्वापट म्हणजे किलोला ३० रुपयांच्या थोडी वर. १ जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत असल्यामुळे वजा करायला काही उरत नाही. प्राधान्य कुटुंबातील माणशी ५ किलो धरले तर आपल्या दोघींचे महिन्याचे १० किलो आणि तीन महिन्यांचे ३० किलो होतात. अंत्योदय कार्ड असेल तर माणसे कितीही असोत, कुटुंबाला महिन्याला ३५ किलो.

याला एक मेख आहे. जो दुकानात धान्य घ्यायला गेलाच नाही त्याला हा भत्ता मिळत नाही. म्हणजे आपण गेलो होतो आणि परत पाठवले, हे दाखवता आले पाहिजे. म्हणून ज्या दिवशी परत पाठवतील त्याच दिवशी १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक रेशन कार्डाच्या झेरॉक्सवर तारखेसह लिहून ठेवावा. मागील तीन महिन्यांसाठी यंत्रावरच्या अयशस्वी प्रयत्नांची नोंद पुरवठा शाखेकडे मागता येईल. धान्य आणि भत्ता अशा दोन्ही मागण्यांची लेखी तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे करावी. त्यांच्या निर्णयाविरुद्ध राज्य अन्न आयोगाकडे अपील आहे. या अधिकाऱ्यांनी सुचवलेला दिलासा कोणी लोकसेवकाने विनाकारण दिला नाही, तर आयोग त्याला ५ हजार रुपयांपर्यंत दंड करू शकतो. भत्ता मागणारेच इतके थोडे आहेत की तुमची तक्रार पाहून अधिकारी प्रथम नियम शोधतील. शोधू द्यावा.

प्रश्न (मालवण तालुका) : माझ्या विधवा बहिणीची निराधार योजनेची पेन्शन सात महिने आलेली नाही. तहसील कार्यालय म्हणते ‘आम्ही पाठवले, जमा झाले’. बँक म्हणते ‘काही आलेले नाही’. खोटे कोण बोलत आहे?

उत्तर : बहुधा कोणीच नाही. हे पैसे आता खाते क्रमांकावर न जाता आधार क्रमांकावर जातात, आणि एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधील देवघेव जोडणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत त्या आधारला शेवटी जे खाते जोडले गेले असेल त्यात ते पडतात. बहिणीने मधल्या काळात बचत गटाच्या कर्जासाठी, गॅसच्या अनुदानासाठी किंवा कोणी वाडीत येऊन ‘शून्य रकमेचे खाते’ उघडून दिले म्हणून दुसऱ्या बँकेत अंगठा दिला होता का, हे आधी आठवायला सांगावे. आमच्या माहितीतील एका बाईंचे सात हप्ते अशाच एका खात्यात सुखरूप पडून होते. त्या खात्याचे पासबुक पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली, एकदाही न उघडलेले सापडले. आपले सरकार सेवा केंद्रात किंवा आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिले की बँकेचे नाव कळते. पैसे तिथे असतील तर ते काढून घ्यावेत आणि जवळच्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्यावा. तिथेही नसतील, किंवा ते खाते बंद झाल्यामुळे रक्कम परत गेली असेल, तर कार्यालयाकडे ‘पाठवले’ असे तोंडी न ऐकता प्रत्येक महिन्याचा व्यवहार क्रमांक आणि तो यशस्वी की अयशस्वी याची नोंद लेखी मागावी. परत गेलेली रक्कम पुन्हा पाठवण्याचा अर्ज त्या नोंदीशिवाय पुढे सरकत नाही.

प्रश्न (रायगड जिल्हा, पत्रलेखिका शिक्षिका आहेत) : आमच्या शाळेजवळच्या कातकरी वाडीतील पाच कुटुंबांची नावे रेशनमधून कमी झाली. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर जातात आणि पावसाआधी परततात. ती नसताना तपासणी झाली आणि ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला. आता ‘इष्टांक संपला आहे, जागा झाली की नव्याने घेऊ’ असे सांगतात.

उत्तर : ‘इष्टांक संपला’, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या भरली, हे उत्तर नव्या मागणीला लागू पडते. चुकून काढलेले नाव परत घेणे ही नवी मागणी नव्हे. ती स्वतःची चूक दुरुस्त करणे आहे, आणि काढून टाकलेल्या माणसाच्या जागी दुसऱ्याला बसवले म्हणून पहिल्याचा हक्क संपत नाही. या कुटुंबांकडून नवे अर्ज भरून घेऊ नयेत, हे आपणच त्यांना बजावून सांगावे, कारण सेवा केंद्रात कोणीतरी चांगल्या हेतूनेच ते भरून देईल.

नाव कमी करण्यापूर्वी त्यांना नोटीस मिळाली होती का, त्यांचे म्हणणे ऐकले होते का, हा पहिला प्रश्न. बंद घराच्या कुडाला नोटीस डकवून आणि शेजाऱ्याची सही घेऊन उरकलेला पंचनामा म्हणजे म्हणणे ऐकणे होत नाही. त्या पंचनाम्याची आणि आदेशाची प्रत माहिती अधिकारात मागावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला त्याचे शुल्क नाही. दुसरे असे की हंगामी कामाला जाणे म्हणजे घर सोडणे नव्हे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ ही व्यवस्था, जवळ असलेले कार्ड कामाच्या गावीही चालावे, म्हणूनच केलेली आहे; त्याच कारणाने नाव कापणे हा उफराटा न्याय झाला. आणि तिसरे, कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात आहे (कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन), आणि अन्नाच्या हक्काविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ रोजी दिलेल्या आदेशात अशा आदिम जमातींना अंत्योदय कार्डे देण्यास सांगितले होते. तेव्हा या पाच घरांची मागणी नाव पूर्ववत करा एवढीच न ठेवता अंत्योदयचे ३५ किलो आणि मधल्या महिन्यांचा भत्ता अशी ठेवावी. वाडीतील सर्वांचा एकच सामुदायिक अर्ज देऊ नये. प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र आवक क्रमांक असावा. सामुदायिक अर्जाला सामुदायिक उत्तर येते आणि त्यात कोणाचेच नाव नसते.

शाळेच्या हजेरीपटावर या घरांतील मुलांची नावे असतील तर त्याचा दाखला आपण देऊ शकता. जूनमध्ये पोर शाळेत परत आले ही नोंद ‘स्थलांतरित’ या शेऱ्याला पुरेसे उत्तर आहे.

प्रश्न (देवगड तालुका) : पीएम किसानचे हप्ते जमिनीची नोंद जुळत नाही म्हणून थांबले. सातबारा सामाईक असून त्यावर अकरा नावे आहेत. दुरुस्ती झाली तर मागचे हप्ते मिळतील का?

उत्तर : मिळतील. योजनेच्या खुलाशातच म्हटले आहे की अपात्रतेच्या निकषांत न बसणाऱ्या लाभार्थ्याचे हप्ते अन्य कोणत्याही कारणाने राहिले असतील, तर ते कारण दूर होताच देय असलेले सर्व हप्ते मिळण्याचा त्याला हक्क आहे. वर्षाला दोन हजारांचे तीन, म्हणजे सहा हजार, या हिशेबाने आपली बाकी मोजून ठेवावी. सामाईक सातबाऱ्याचे दुखणे कोकणात घरोघर आहे आणि मुंबईतल्या चुलत्याची सही मिळवण्यापेक्षा समुद्र ओलांडणे सोपे, हेही खरे. पण या योजनेसाठी वाटप होईपर्यंत थांबू नये. आपला हिस्सा दाखवणारा फेरफार आणि आठ-अ यांसह कृषी किंवा महसूल कार्यालयात जमिनीची नोंद जुळवून घ्यावी.

प्रश्न (रत्नागिरी तालुका) : सगळीकडे अर्ज देऊन झाले, उत्तर कोणीच देत नाही. एक गृहस्थ तीन हजारांत काम करून देतो म्हणतात. त्यांना द्यावे की कोर्टात जावे?

उत्तर : गृहस्थांना देऊ नये. दोन महिन्यांची पेन्शन देऊन ते आपल्याला बहुधा तोच नवा अर्ज भरून देतील, ज्याविषयी वर लिहिले आहे.

कोर्टाचे नाव ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करावा. पुष्कळदा समितीकडून कार्यालयाला एक पत्र गेले की काम होते. न झाल्यास उच्च न्यायालयात रिट करता येते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. रायगडचे प्रकरण पूर्वीप्रमाणे मुंबईतच चालते.

वकिलाकडे जाताना बंद होण्याआधीच्या आणि नंतरच्या एंट्री दिसतील अशी पासबुकाची पाने आणि शिक्का असलेल्या सर्व पोचा तारखेच्या क्रमाने लावून न्याव्यात. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, वकिलाच्याही नाही. झेरॉक्स द्यावी आणि मूळ दाखवून परत पिशवीत ठेवावे.